रघुनाथने निवडलेली तलवार

फोन आला तेव्हा मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर होतो. रघुनाथचा मेहुणा बोलत होता. "दाजी गेले सकाळी. चहा पिता पिताच गेले." मी "निघतो" म्हणालो आणि रिसीव्हर ठेवला. खरं सांगतो, दुःख व्हायच्या आधी मनात आलं ते हे, की याला सांगायचं राहिलंच... पाच आठवडे झाले या गोष्टीला. चांगला मित्र गेला, म्हणून चार चांगले शब्द लिहा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी सुचवलं. चांगले शब्द लिहितोच, पण त्यांच्यासोबत एक वाईट गोष्टही लिहावी लागणार आहे, आणि ती माझी आहे.

रघुनाथ उरणकडच्या मिठागरवाल्या घरातला. जहाजावर फिटर होता. एकदा परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्याचं जहाज दुरुस्तीसाठी दोन महिने अडकून पडलं. इतर खलाशी बाजार करत फिरले आणि हा पठ्ठ्या एका हॉलमध्ये जाऊन बसला, जिथे तिकडची काही मंडळी जुन्या पुस्तकांत बघून रेपियरचे हात शिकत होती. रेपियर म्हणजे लांब, सडपातळ, सरळ पात्याची तलवार. मुठीवर हात झाकणारी वाटी असते. आपल्या मराठी फिरंग तलवारीची ही बारीक चणीची बहीण, असं तो सांगायचा. जहाज सोडून न्हावा शेव्याच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला लागला, पनवेलला बिऱ्हाड केलं, आणि बंद पडलेल्या एका भातगिरणीच्या शेडमध्ये दर रविवारी सकाळी त्याचा वर्ग सुरू झाला. आम्ही आठ-नऊ जण होतो. बँकवाले, दोन शिक्षक, एक किराणा दुकानदार, आणि मी. सगळे पोट सुटलेले. बायका आम्हाला हसायच्या, आणि त्यांचं चुकतही नव्हतं.

सुरुवातीला आम्ही वेताच्या काठ्यांनी खेळायचो. मग एका ओळखीच्या खलाशाने रीतसर कागदपत्रं करून सहा तलवारी आणल्या. त्या दिवशीचा रघुनाथ मला अजून दिसतो. मुलीसाठी स्थळ बघावं तसा तो एकेक तलवार बघत होता. माझा डोळा एकीवर गेला होता. तिच्या वाटीवर वेलबुट्टी होती, पातं आरशासारखं चमकत होतं. मी ती उचलली तर त्याने काढून घेतली. "ही भिंतीवर टांगायची, देशपांडे. माणसासमोर धरायची नाय." मग दुसरी एक घेऊन त्याने तिचं टोक भिंतीला टेकवलं आणि मुठीकडून दाबलं. पातं धनुष्यासारखं वाकलं आणि सोडल्यावर परत सरळ झालं. "भोसकलं तर पात्यानं वाकायला पायजे. ते वाकलं नाय, तर समोरचा वाकंल." वाटीपासून चार बोटांवर एका बोटाने तोलून पाहिली. माझ्या शेजारी जमिनीवर उभी करून उंची पाहिली. कानाशी धरून मुठीवर टिचकी मारली, आत काही खुळखुळतं का ते ऐकलं. मग ती माझ्या हातात दिली. दिसायला अगदीच साधी होती. मला रागच आला, पण पहिल्याच रविवारी मनगट दुखलं नाही, तेव्हा गप्प बसलो.

त्या तलवारींची टोकं त्याला पुरेशी बोथट वाटेनात. त्याने वर्कशॉपमध्ये लेथवर वाटाण्याएवढी पोलादी बोंडं कातून घेतली, टोकांवर आटे पाडले आणि प्रत्येक तलवारीवर एकेक बोंड घट्ट पिळून बसवलं. नियम एकच होता. बोंड काढायचं नाही. पुसायला नाही, दाखवायला नाही, कशालाच नाही.

मी ते काढलं. दसऱ्याला.

दुपारी चार वाजता शेडमध्ये आमचे खेळ ठेवले होते. घरची मंडळी, शेजारीपाजारी, पन्नास-साठ माणसं येणार होती. सकाळी घरी शस्त्रपूजा होती. पाटावर तलवार ठेवली आणि ते बोंड डोळ्यांत खुपायला लागलं. दसऱ्याच्या दिवशी शस्त्राची पूजा करायची आणि त्याच्या तोंडाला असं बूच? ते पिळून काढलं, ताम्हणात अक्षतांशेजारी ठेवलं, आणि टोकाला झेंडूचं फूल खोवलं. हळदकुंकू वाहिलं. बायकोने श्रीखंडाचा आग्रह केला, मी जेवून आडवा झालो, आणि उठलो तो उशीर झालेला. फुलासकट तलवार उचलून पळालो. शेडमध्ये फूल ओढून टाकलं. टोकाकडे बघितलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला त्या टाळ्या ऐकायच्या होत्या.

रघुनाथच समोर होता. तोंडावर जाळी, हातात चामड्याचे मोजे. तिसऱ्या की चौथ्या हाताला माझं टोक त्याच्या मोज्याच्या वर, उजव्या मनगटात गेलं. पातं वाकलं, अगदी त्याने सांगितलं होतं तसं वाकलं, पण तोवर टोक आत गेलं होतं. धावपळ झाली. त्याला रिक्षात घालून नेलं. तलवार मी उचलून घरी आणली. ताम्हणात बोंड तसंच होतं. ते मी धुतलं, आणि परत टोकावर पिळून बसवलं. भ्यालो होतो, एवढंच.

आठवड्याने तो हाताला बँडेज बांधून माझ्या घरी आला. म्हणाला, "तलवार दाखव बघू." मी दिली. डाव्या हाताने त्याने टोक चाचपलं.

"बोंड तर हाय."

"हो," मी म्हणालो.

एवढंच बोललो मी. ते एवढंच माझ्या उरलेल्या आयुष्याला पुरलं.

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. वर्कशॉपमधून त्याला स्टोअरमध्ये रजिस्टर लिहायला बसवलं. फिटर माणूस, डाव्या हाताने अक्षरं गिरवायला शिकला. वर्ग बंद पडला. "पातं ताठ घेतलं त्याने, म्हणून बोंडासकट आत गेलं, पारख चुकली," असं लोक बोलू लागले, आणि कोणी विचारलं तर तोही तेच सांगायचा. "निवड माझीच चुकली. देशपांडेचा काय दोष?" ती तलवार तो घेऊन गेला होता. मी त्याच्याकडे जात राहिलो, चहा पीत राहिलो, त्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढलं. दर वेळी आज सांगू म्हणून निघायचो आणि क्रिकेटवर बोलून परत यायचो.

तेराव्यानंतर काही दिवसांनी वहिनींना, रघुनाथच्या बायकोला, भेटायला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "मला सांगून काय व्हायचंय, भावजी? मी त्यांना कवा चूक म्हटलं नाय. जे म्हणाले, त्यांना सांगा."

म्हणून हे छापून आणतोय. त्या दसऱ्याला शेडमध्ये जे जे होते, त्यांनी वाचावं. तलवार योग्य होती. रघुनाथची पारख चुकली नव्हती. बोंड मी काढलं होतं, आणि त्याने विचारल्यावर मी खोटं बोललो.

निघताना वहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीशेजारच्या भिंतीला छातीच्या उंचीवर एक खळगा होता. आजूबाजूचे पोपडे उडालेले, आतली वीट दिसत होती. "हर रविवारी," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं तलवार इथं लावायचे, वाकवायचे, सोडायचे. परत वाकवायचे. म्हणायचे, सरळ तर होते गं, मग माझं चुकलं काय?"

मी बोटाने तो खळगा चाचपला. म्हणालो, गवंडी पाठवतो, बुजवून घेऊ.

"नको," वहिनी म्हणाल्या. "राहू दे. तुमी येत जा, आणि बघत जा."