मशेरी तंबाखूत धरत नाहीत

डॉक्टरने "तंबाखू घेता का?" विचारलं, तर तुमच्या घरातली मशेरी घासणारी बाई काय उत्तर देईल? "नाही" म्हणेल, वर चिडेलही. मेलबर्नच्या पॉइंट कुक या उपनगरातल्या श्यामलाबाईंनी हेच केलं.

साल २०२१, मेलबर्नचं लॉकडाऊन. बाई वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये कामाला. खालच्या हिरडीवर पांढरा चट्टा, त्यात जखम, सहा आठवडे झाले तरी भरेना. शिफ्टला मास्क, घरी तोंडावर हात, दिसणार कुणाला? एकदा तिखट लागून कळवळल्या, तेव्हा लेक मितालीने फोनवर डॉक्टर गाठला.

"आई, तंबाखू विचारतायत."

"छे! आपल्या घरात कुणी चिमटीत धरला नाही कधी!"

"नेव्हर, डॉक्टर," मिताली ऐटीत म्हणाली.

डॉक्टरने गुळण्या सांगितल्या. पुढचा फोन दोन आठवड्यांनी.

आणि ही मिताली कोण? युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये तोंडाच्या कॅन्सरवरच काम करणारी! त्याच दुपारी मेथी निवडताना बाईंनी विचारलं, "तू त्या नळ्यांत बघतेस तरी काय गं?"

"जनुकाचा हुकूम पेशीत चिठ्ठीवर जातो, आई. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. पेशी तिच्यावर बारीक रासायनिक खुणा करते. कुठली चिठ्ठी टिकवायची, कुठली फाडायची, ते बरंचसं त्या खुणांवर ठरतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये खुणा बिघडलेल्या सापडतात. 'वाढ, वाढ' म्हणणारी चिठ्ठी फाटतच नाही."

"म्हणजे आमच्या ट्रेवरच्या चिठ्ठीसारखं. स्टिकर चुकलं की गिळता न येणाऱ्या आजोबांपुढे कडक टोस्ट."

"अगदी तसंच!"

"आणि हा रोग होतो कशाने?"

"तंबाखू, सुपारी, दारू."

बाईंचा हात थांबला. "मशेरी... पण ती तर भाजलेली असते ना?"

मिताली बघतच राहिली. टूथपेस्टशेजारचा तो काळ्या पुडीचा डबा ती लहानपणापासून बघत आली होती. दुसऱ्यांच्या गाठी तपासणाऱ्या पोरीला आईचा डबा दिसला नव्हता!

"अगं, तंबाखूच तो! लावते पुन्हा फोन."

"नको. खोटारडी ठरेन मी. कामावर कळलं तर?"

"कळू दे! तुझ्या चट्ट्यात काय चाललंय ते मला लॅबमध्ये बसून दिसत नाही, त्या डॉक्टरला फोनवर दिसत नाही. तुकडा काढूनच कळेल."

बाईंनी मेथीची जुडी बाजूला सारली. मग त्यांनीच फोन ओढून घेतला.

"डॉक्टर, आय टोल्ड राँग. टोबॅको, येस. थर्टी इयर्स."

"कम इन धिस आर्वो," डॉक्टर म्हणाला. म्हणजे आज दुपारीच या.

तुकड्यात कॅन्सर निघाला. लहान होता, मानेतल्या गाठींत उतरला नव्हता. थोडी हिरडी गेली, चार दात गेले, बाई राहिल्या. आरएनएवरच्या खुणा वाचून कुणाचा रोग पसरेल ते छातीठोकपणे सांगणारी चाचणी मितालीच्या हातात अजून नाही. आपल्याकडे डोळे आहेत.

तेव्हा एवढं कराच: घरातल्या मशेरीवाल्या बाईला आज उजेडात बसवा, ओठ खाली ओढा, आत बघा. तीन आठवडे न भरलेली जखम दिसली, तर फोनवर भागवू नका. घेऊन जा, तोंड उघडून दाखवा, आणि मशेरीचं नाव स्वतः घ्या.