नडगीवरची खडूची रेघ

शिंपीणकाकूंच्या नडगीवरची निळ्या खडूची रेघ काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मुली झोपल्यात. मी मात्र टक्क जागी आहे.

काकू आमच्या खालीच राहतात. पुढे दुकान, मागे खोली. नवरा गेला तेव्हा लेक दोन वर्षांची होती. शिलाई मशीनवरच तिला वाढवली, शिकवली. जिभेला धार भारी. एखादी बाई म्हणाली, "जरा घट्टच शिवलंत," की काकू म्हणणार, "मी मापातच शिवलंय, मापाबाहेर तुम्ही गेलात." तरी गिऱ्हाईक तुटत नाही. काकूंकडे टाकलेल्या कापडाची चिंधीसुद्धा हरवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

पुराचं पाणी दुकानात कमरेपर्यंत चढलं, तेव्हा बाकीचे भांडीकुंडी, कागदपत्रं वाचवत होते, काकू मात्र लोकांचं कापड. पाणी उतरल्यावर पाच दिवस घोटाभर चिखलात उभ्या राहून गाठोडी धूत होत्या. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरीफटक पडून सुटू लागली. मग खाज. काकू लाकडी पट्टीनं खाजवायच्या. पुरानंतर गल्लीत कुणाला नायटा, कुणाला पुरळ, घरटी एक तरी खाजवणारा. त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. पण काकूंचं खाजवलेलं चिघळलं, पू आला, घोट्याभोवती लाली चढली.

"दवाखान्यात चला," म्हटलं, तर "एवढी कापडं हातावेगळी करते, मग." तेव्हा मीच शहाणपणा केला. कुठंसं वाचलेलं होतं. म्हटलं, "लालीच्या कडेनं रेघ ओढा. लाली रेघेबाहेर गेली की त्याच क्षणी दवाखाना."

"मला रेघ मारायला शिकवतेस होय गं?" त्या हसल्या.

रोज संध्याकाळी मी जिन्यातून विचारायची आणि आतून आवाज यायचा, "रेघेच्या आतच आहे!" चार दिवस मी निर्धास्त.

आज माझी धाकटी त्यांच्याकडून बटणं लावून घेऊन आली आणि जेवताना म्हणाली, "आई, काकू रोज पाय धुतात नि नवी रेघ काढतात."

घास तसाच टाकून जिना उतरले. रेघ गुडघ्याच्या खाली चार बोटांवर होती. कातडी ताणली जाऊन चकाकत होती, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. काकूंचे दात वाजत होते.

"अहो काकू, पहिली रेघ कुठाय?"

"पुसली गेली. खडूच तो. पुसला की कडेनं पुन्हा मारायचा, नाहीतर कापायचं कुठं ते कळणार कसं?"

खोटं बोलत नव्हत्या; लाली रोज नव्या रेघेच्या आतच होती. चाळीस वर्षं हात तेच करत आलाय.

"आत्ताच्या आत्ता उठा, दवाखान्यात जाऊ."

"उद्या बघू. आणि लेकीला कळवलंस तर तुझंमाझं संपलं. दुकानाला कुलूप लावून मला न्यायला ती टपूनच बसलीय."

त्यांनी तापाची गोळी घेतली. लेकीला कळवणार नाही, अशी मान डोलावून मी वर आले. कशासाठी डोलावली, देव जाणे.

मघाशी राहवेना म्हणून पुन्हा खाली जाऊन दार वाजवलं. आतून क्षीण आवाज आला, "झोपू दे ना गं चिमणे." चिमणी त्या माझ्या धाकटीला म्हणतात. मला आजवर कधीच नाही. "काकू, मी आहे, वरची," म्हटलं. आतून नुसतं कण्हणं.

पायातलं विष अंगात भिनायला किती वेळ लागतो? सकाळ उजाडेपर्यंत थांबेल? माझ्या सल्ल्याच्या भरवशावर चार दिवस वाया गेलेच आहेत, आता माझ्या शब्दापायी आणखी एक रात्र घालवायची?

काकूंची लेक गाडीनं वीस मिनिटांवर राहते. काकूंना दाराबाहेर काढेल तर तीच, आणि दुसरी किल्लीही तिच्याकडेच आहे. कदाचित दुकान बंद होईल. काकू पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत. नाही तर नाही.

नंबर काढलाय. लावते.