आप्पांच्या नावापुढं ‘कोल्ड’

“काका, बॅटरी उतरलीय. चालवून न्हाई बघता येणार.”

सेल्समननं एवढं म्हटलं आणि हातातली चावी खिशात घातली. आधी त्यानं पत्ता विचारला होता. आप्पांनी आमच्या वस्तीचं नाव सांगितलं, तशी बॅटरी उतरली. माझा बाप, तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून शोरूमच्या मधोमध उभा. मी चार हातांवर, कॉम्प्युटरमागं. आप्पांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

हो, घातली. आता लपवून काय करू?

आमचं आडनाव गावातही चालतं, वस्तीतही. राहुरीजवळच्या ह्या मोटरसायकलच्या शोरूममध्ये लागले तेव्हा मी पत्ता दिला तो देवळालीतल्या मैत्रिणीचा. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दर चौदा एप्रिलला माझं पोट दुखायचं. रजा कशाला हवी ते सांगायची हिंमत नव्हती.

आप्पा निघून गेले. दहा मिनिटांनी एक बागायतदार त्याच गाडीवर चक्कर मारून आला. बॅटरीला धाड भरली नव्हती.

संध्याकाळी चौकशीच्या चिठ्ठ्या माझ्याकडं आल्या. त्या मीच टाइप करायची. नाव, पत्ता, टेस्ट राईड, शेरा. गाडी घेईल असं वाटलं तर शेरा ‘हॉट’, नाही तर ‘कोल्ड’. आप्पांच्या चिठ्ठीवर ‘कोल्ड’. मी टाइप केलं. बापाच्या नावापुढं, माझ्याच बोटांनी. आग लागो त्या बोटांना!

रात्री जेवताना आप्पा म्हणाले, “तुज्या नोकरीला धक्का नको म्हनून वळख दावली न्हाई. तू बी बरं केलंस.” मी ताट सारून उठले.

पुढच्या आठवड्यात कंपनीचे साहेब येणार होते. मालकांनी, त्यांना सगळे दादा म्हणतात, मला फनेल चार्ट करायला सांगितला. नरसाळ्यासारखा आलेख. अवघड काही नसतं. एका रकान्यात टप्पे लिहायचे: चौकशी, टेस्ट राईड, बुकिंग, डिलिव्हरी. शेजारी आकडे. दोन्ही निवडायचे, इन्सर्टमध्ये जाऊन फनेल दाबायचं. वर रुंद पट्टी, खाली खाली अरुंद. मी पट्ट्यांमधली फट कमी केली, आकडे ठळक केले. पण दुसरी पट्टी एकदम आखूड आली.

दादांनी बघितलं. “मधीच एवढं खचलंय कशानं?”

“कोल्डवाल्यांना टेस्ट राईडच दिलेली नाही, दादा.”

“मग त्या वळी उडव की! ती काय गिऱ्हाईकं हायेत व्हय? येत्यात, सीट मळवून जात्यात. तू आपल्यातली, तुला काय सांगायचं!”

आपल्यातली म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली. तरी जागेवर जाऊन बसले. शेऱ्याला फिल्टर लावला, ‘कोल्ड’ निवडलं. माझी अख्खी वस्ती पडद्यावर उभी राहिली. दवाखान्यातली नर्स. झेडपीचे गुरुजी. एसटीचा कंडक्टर. पाचव्या ओळीत आप्पा. सगळ्या ओळी निवडल्या. बोट डिलीटवर ठेवलं.

मग उचललं.

मी दुसरं नरसाळं केलं, फक्त आमच्या पत्त्यांचं. चौकशीची पट्टी चांगली लांब. टेस्ट राईड शून्य. बुकिंग शून्य. खाली नुसता पांढरा पडदा. पट्टीला रंग निळा दिला, मुद्दाम. शीर्षकात वस्तीचं नाव लिहिलं आणि ते पहिल्याच्या शेजारी बसवलं.

साहेब आले. पडद्यावर दोन्ही लागले.

“हे काय हाय?” दादा.

“आमच्या वस्तीचं नरसाळं हाय. ह्यात माझे वडील हायेत. गाडी बघायला आले होते, त्यांना बॅटरी उतरलीय म्हणून सांगितलं.”

साहेबांनी चहाचा घोट घेतला. “डेटा क्लीन करून घ्या,” म्हणाले, आणि पुढचा विषय काढला. एवढा शिकलेला माणूस! जळलं मेलं ते शिक्षण.

दादा मला बाहेर घेऊन आले. “आदी सांगितलं असतंस तर ठिवलीच नसती. उद्यापासून येऊ नको.”

घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. चिठ्ठीवरचं ‘कोल्ड’ मीच टाइप केलं, तेही सांगितलं. ते म्हणाले, “जाऊ दी पोरी. नगरला जाऊन घिऊ गाडी.”

“न्हाई आप्पा. तिथंच.”

पांढरा सदरा मी इस्त्री करून ठेवलाय. उद्या शोरूम उघडायच्या वेळेला आम्ही दोघं दारात असू. सेल्समन पत्ता विचारेल. ह्या खेपेला वस्तीचं नाव मी सांगणार, अख्ख्या शोरूमला ऐकू जाईल असं. आणि आप्पांच्या हातात चावी पडेपर्यंत तिथून हलणार नाही.