भाईजींनी ओट्यावर ऐरण ठेवली

अन्याय करतारसिंग लोहारावर झाला. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढल्या चैत्रात, पाडव्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, दिवस कासराभर वर आलेला असताना, तामलवाडीच्या पुढं आपल्या फाट्यावर. करणारे आपण. 'आपण' हा शब्द मी सभेत सैल वापरतो, इथं जपून वापरतो आहे. आपण म्हणजे फाट्यावरचे दुकानदार, गावातले शेतकरी, पाटील, बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढणारं आमचं जागृती मंडळ आणि मी. मी त्या दिवशी लातूरला शिबिरात होतो. तिथं नव्हतो म्हणून सुटलो असं कुणी समजू नये. का, ते सांगतो.

फाटा त्यांना भाईजी म्हणायचा. ठेंगणा, रुंद माणूस, निळी पगडी, करडी दाढी, मनगटात लोखंडी कडं. पण नव्या माणसाच्या नजरेत आधी भरायचे ते त्यांचे ओठ. ते कधी थांबत नसत. घण वर जाताना 'वाहे', खाली येताना 'गुरू'. आवाज इतका बारीक की पहिले काही महिने लोकांना वाटलं, सरदारजी लोखंडाला शिव्या घालतो. शिव्याही घालायचे, पण त्या मोठ्यानं, आणि घण बोटाला लागल्यावरच.

ते मूळचे नांदेडचे. आजोबा पंजाबातून निजामाच्या फौजेत आले आणि इकडचेच झाले. त्यामुळं भाईजींचं मराठी दख्खनीत भिजलेलं होतं. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवावी ती त्यांनीच. फाळ, विळे, कुऱ्हाडी, आणि एस्ट्या वाढल्यावर त्यांचे मोडलेले स्प्रिंगपाटेही त्यांच्याकडं यायला लागले. मी खांद्याला पत्रकांची पिशवी अडकवून तुळजापूरच्या गाडीची वाट बघत तिथं बसायचो. रिकामा बसलेला माणूस त्यांना बघवत नसे. "ये पर्चेवाले," ते म्हणायचे, "इथं भाता ओढ. गाडी काय तुझ्या बघण्यानं लवकर येत न्हाय."

मी वाद घालायला शिकलेला माणूस. एकदा भाता ओढता ओढता विचारलं, "भाईजी, तुम्ही रोज पहाटे विहिरीवर अंघोळ करून पोत्यावर तासभर बसता. त्या तासात गरिबाचा काय फायदा होतो?"

"होतो ना. एक गरीब तासभर गप बसतो. दुसऱ्याच्या कानाला आराम."

"थट्टा नको. डोळे मिटून बसलं की जगातलं दुःख दिसत नाही, म्हणून लोक बसतात."

"डोळे कोण मिटतंय?" त्यांनी भट्टीतून लाल फाळ बाहेर काढला. "मी आत्ताबी नामच घेतोय. मिटू डोळे? हात कुणाचा भाजंल?"

मग त्यांनी मला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, भाता ओढायच्या तालावर श्वास घ्यायला लावला. आत घेताना नामाचा एक अर्धा, सोडताना दुसरा. तोंडानं म्हणायचं आणि आपल्याच कानानं ऐकायचं. ऐकण्यावर त्यांचा भारी जोर. "बोलणारे लई हायेत. आपलंच बोललेलं ऐकणारा कुठं भेटतो?" जंगलात जायचं नाही, घर सोडायचं नाही, उपास नाही, राख नाही, बुवा नाही. पहाट देवाची, दिवस हाताचा, आणि जे मिळेल ते वाटून खायचं. त्यांच्या धर्मातलं ध्यान एवढंच आहे, असं ते सांगत. मला ते फार सोपं वाटलं. चौथ्या श्वासाला माझं चित्त निवडणुकीत गेलं.

त्यांचंही जायचं, आणि ते लपवत नसत. एकदा सकाळी तोंड पाडून बसलेले दिसले. "आज पूरी पहाट वाया गेली," म्हणाले. "बायकोच्या हातची दाल आठवली. जिभेवर नाम आणि मनात तडका." बायको नांदेडला आजारी आईची सेवा करत होती, म्हणून ते इथं एकटे राहत. पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

फाट्यावर त्यांनी एक रांजण मांडला होता. पहाटेचा पाठ झाला की विहिरीवरून घागरी आणून तो भरायचा, ओठ चालूच. एक रांजण, एक भांडं, आणि ज्याला तहान लागली त्यानं घ्यायचं. महारवाड्यातला माणूस पाणी पिऊन गेला की चहावाला शंकर येऊन सांगायचा, "भाईजी, भांडं तरी वेगळं ठेवा. माझ्या गिऱ्हाइकाला तोंड द्यावं लागतं मला." भाईजी भांडं उचलून स्वतः पाणी पीत आणि शंकरपुढं धरत. "घे. तुझं गिऱ्हाइक बघतंय." शंकर जाई. रांजणाबद्दलचं हे कुरकुरणं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही असं मानू नका. मंगळवारी ते कामाला आलं.

बुवा त्यांना केलं ते गोदाकाकूंनी, आणि चांगल्या मनानं केलं. त्यांच्या सुनेचा ताप हटत नव्हता. एका पहाटे पाण्याला गेल्या, अंधारात भाईजींचा गुणगुणण्याचा आवाज ऐकला, घाबरून हात जोडले. घरी आल्या तर ताप उतरलेला. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन भट्टीपाशी हजर.

"बाबा, लई उपकार झाले."

"काकू, मी लोहार हाय. ताप दवाखान्यातल्या गोळीनं उतरला आसंल."

"गोळी परवापासनं चालू होती. उतरला आज."

"गोळी सुस्त आसंल."

"खरे बाबा असंच बोलतेत," काकू बरोबरच्या बायकांना म्हणाल्या.

झालं. नाही म्हणणं हाच पुरावा ठरला. जितकं ते झिडकारत तितके नारळ वाढत. भाईजी घणानं नारळ फोडायचे आणि गाडीत बसलेल्यांना तुकडे वाटायचे. लोक ते प्रसाद म्हणून कपाळाला लावायचे. मग पाटलांनी लक्ष घातलं. जागा पाटलांची. तुळजापूरला जाणारे यात्रेकरू फाट्यावर थांबायला लागलेले त्यांना दिसत होते. त्यांनी भट्टीशेजारी लिंबाखाली दगडी ओटा बांधून घेतला, बाबांना ध्यानाला बसायला, आणि वर भगवं निशाण लावलं.

भाईजींनी ओट्याभोवती एक चक्कर मारली, कमरेला हात लावून उंची बघितली, आणि दुपारपर्यंत ऐरण वर चढवली. "क्या बात है," ते पाटलांना म्हणाले. "सारी उमर वाकून ठोकलं. आता कंबर वाचंल." त्यांना यात खोडी काढायची नव्हती. ते मनापासून खूश होते. पाटील मात्र ते विसरले नाहीत.

फाल्गुनात सासू वारली आणि भाईजींची बायको, बीबीजी, नांदेडहून आल्या. गाडीतून उतरल्या, ट्रंक खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत भाईजींना म्हणाल्या, "कितने दुबले हो गए जी." संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बाबाला बायको आहे. ज्यांनी नारळ ठेवले होते त्यांना आपण फसलो असं वाटायला लागलं. साधू म्हणायचं, तर घण चालवतो आणि बायकोच्या हातचं जेवतो. लोहार म्हणायचं, तर पहाटे देवाशी बोलतो. आपल्याकडं या दोघांची दोन वेगळी खाती आहेत. जो माणूस दोन्हीकडं आहे तो भोंदू, असा निकाल लागला. त्यांनी स्वतः कधी बाबा असल्याचं म्हटलं होतं का, हे कुणी आठवून बघितलं नाही.

आता आमच्या मंडळाचं. परंड्याकडच्या एका बुवाविरुद्ध मी पूर्वी पत्रक लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं, तो बुवा खरंच लबाड होता. मंडळातल्या आमच्या पोरांना भाईजींबद्दल कळलं, ती पेटली, आणि माझं जुनं पत्रक काढून त्यांनी फक्त नाव आणि गाव बदललं. खाली माझी सही तशीच छापली. एकानंही भट्टीपर्यंत चालत जाऊन भाईजींना विचारलं नाही. का विचारतील? मीच शिकवलं होतं की बुवाशी चर्चा करायची नसते, त्याला उघडं पाडायचं असतं. त्या मंगळवारी पाटलांनी ते पत्रक ओट्यावर उभं राहून वाचलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आमचं काही वाचलं. तोवर चिडलेले भाविक आणि सुधारलेले आम्ही एका बाजूला आलो होतो, आणि दुसऱ्या बाजूला नवरा-बायको दोघंच उभे होते. भाता फाडला. रांजण फोडला. ऐरण ओट्यावरून लोटून दिली. कुठला हात गावकऱ्याचा, कुठला कार्यकर्त्याचा, असं वाटून देता येत नाही. काहींनी हात लावला, बाकीचे बघत राहिले. भाईजींच्या कमरेला कृपाण होती. तिला त्यांनी हात लावला नाही. ओठ हलत होते असं शंकर सांगतो. दुपारच्या गाडीनं ती दोघं गेली.

मी परत आलो, मंडळात भांडलो, दुरुस्तीचं पत्रक काढा म्हणालो. "चळवळीत एखादा चुकून भरडतो," असं उत्तर मिळालं. हे वाक्यही माझंच, वेगळ्या प्रसंगी वापरलेलं. मी मंडळ सोडलं आणि नांदेडला गेलो.

गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत एका नातेवाइकाच्या दुकानात भाईजी कड्या-बिजागऱ्या करत बसले होते. मला बघून म्हणाले, "बस, पर्चेवाले." बीबीजींनी चहा दिला आणि विचारलं, "वो पर्चा है क्या? मेरे कू मराठी पढना नहीं आता. पढके सुना, क्या लिखे थे हमारे बारे में."

मी वाचलं. 'कष्टाला कंटाळलेला' हे शब्द आले तेव्हा समोर भाईजींचा हात होता, पोळलेल्या डागांनी भरलेला. 'बायकांना नादी लावणारा' इथं बीबीजींनी थांबवलं. "ये कौनसी बायकां? मैं?" सभेत मी कधी अडखळत नाही. तिथं पुढचं वाक्य न वाचताच पत्रकाची घडी घातली.

भाईजींनी कानशी उचलली आणि बिजागरी घासायला घेतली. मग बोलले. "भात्याचं काय, शिवता येतो. माझं दुसरंच झालंय. पहाटे उठतो, अंघोळ करतो, बसतो. दोन श्वास नीट जातात. तिसऱ्याला पाटील येतो. मग ते पोरगं येतं, भात्यात सुरी घालणारं. मी त्याच्या बापाला विळा करून दिला होता. तासभर मी भांडतो त्यांच्यासंगट आणि उठतो." बिजागरी उलटी करून म्हणाले, "शेवटाला अरदास असते, आमची प्रार्थना. सरबत दा भला म्हणायचं असतं. साऱ्यांचं भलं होवो. रोज तिथं जीभ अडते, बघ. तुमचा फाटा त्यात धरू का नको? नाही धरला तर अरदास खोटी. धरला तर मी खोटा."

मी माफी मागितली. त्यांनी ऐकली. बीबीजी मात्र सरळ बोलल्या. "तू अकेला आया बेटा. अकेला मतलब आदमी. हमारे में पाँच जने आए तो संगत होती, तब बात होती. गाँव के पाँच ले के आ. सामने बोलने दे, इनों बाबा नहीं थे, चोर भी नहीं थे. फिर देखेंगे." भाईजींनी त्यांना थांबवलं नाही. मान खाली घालून घासत राहिले.

परत आल्यापासून मी घरोघर हिंडतो आहे. गोदाकाकू येतात म्हणाल्या. त्यांनी रडून नव्हे, रागानं सांगितलं, "म्याच चढवलं त्यांला, म्याच जाईन." शंकरही तयार झाला, दुकान बंद ठेवून. मी तिसरा. पाटलांनी दार लावून घेतलं. बाकीच्यांनी सांगितलं की पेरणी आहे, लग्न आहे, झालं गेलं ते झालं.

झालं गेलं नाही. नांदेडच्या एका गल्लीत एक माणूस रोज पहाटे तुमच्या नावापाशी अडतो. हे वाचणाऱ्या, तू फाट्यावरचा असशील तर त्या मंगळवारी एकतर तुझा हात होता, नाहीतर तुझे डोळे होते. मला तुझी सही नको, सहानुभूती नको, मंडळाचा ठराव तर मुळीच नको. येत्या सोमवारी सकाळच्या तुळजापूर गाडीला फाट्यावर ये. तिथून लातूर, लातूरहून नांदेड. आम्ही तिघं आहोत. दोन माणसं कमी आहेत. एक तू हो, आणि येताना शेजाऱ्याला उठवून घेऊन ये.