स्लॉटमधला इम्तियाज

अमेरिकन फुटबॉलमध्ये स्लॉट रिसीव्हर नेमका कशासाठी असतो? – हा प्रश्न मी दुबईच्या ऊद मेथा भागातल्या माझ्या शाळेच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून अनेकदा सोडवला आहे. एक उदाहरण मात्र दर वेळी गाळले. ते आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

आकृती सोपी आहे. अगदी टोकाचा गडी आणि मधली फळी यांच्यातल्या मोकळ्या जागेत उभा राहून चेंडू झेलतो, तो स्लॉट. चार पावले सरळ धावायचे, मग आत किंवा बाहेर वळायचे. चेंडू फेकणाऱ्याने – क्वार्टरबॅकने – त्याच बाजूला फेकायचा. दोघांचे एकमत हवे, इतकेच.

आमच्या हौशी संघात क्वार्टरबॅक मी, स्लॉट इम्तियाज. मूळचा रत्नागिरीचा, बांधकामावर परांच्या बांधणारा. आठवड्याच्या एकुलत्या सुट्टीला दोन बस बदलून यायचा. इंग्रजी त्याला जेमतेम कळे. संघात भारतीय आम्ही दोघेच, म्हणून वळण मी मराठीत ओरडून सांगत असे. मला तो आवडत नसे – अजूनही आवडत नाही. सरावात त्याने माझ्या फेकीची नक्कल केली होती. सगळे हसले. नक्कल हुबेहूब होती – म्हणून तर!

उपांत्य सामन्यात, शेवटच्या चालीला, मी ‘बाहेर’ ओरडलो. तो बाहेर वळला. अंगावर येणारा गडी पाहून मी घाबरलो आणि चेंडू आत फेकला – थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात. सामना गेला.

आमच्या लेबनीज प्रशिक्षकाने विचारले, चूक कोणाची? मी इम्तियाजकडे बोट दाखवले. तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, बाहेर तुम्हीच बोललात ना?"

तो काय म्हणतो, असे प्रशिक्षकाने मला विचारले. आणि मी – भाषांतर केले. सांगितले की तो माफी मागतो आहे. खुणा त्याच्या लक्षात राहत नाहीत.

"खलास, हबीबी," – झाले गेले, मित्रा – म्हणत प्रशिक्षकाने त्याची पाठ थोपटली. प्रशिक्षकाला खरे काय ते कळले, असे वाटून इम्तियाज हसलासुद्धा.

खेळणाऱ्यांच्या पुढच्या यादीत त्याचे नाव नव्हते. का नाही, हे त्याने मलाच विचारले – दुसऱ्या कोणाला विचारणार? प्रशिक्षकांचा निर्णय, म्हणालो. दोन आठवडे तो पूर्ण गणवेशात बाकावर बसला. मग यायचा थांबला.

घाबरलो होतो, असे म्हणू? चेंडू फेकताना घाबरलो होतो. भाषांतर करताना नाही.

सामन्याचे चित्रीकरण संघाच्या पानावर अजून आहे. प्रशिक्षकाने ते पाहिले, पण त्याला मराठी येत नाही. तुम्हाला येते. शेवटची चाल आवाज सुरू ठेवून पाहा, आणि मी काय ओरडलो ते स्वतः ऐकून खात्री करून घ्या.