श्रावणातला कापूस

ती पोरगी आजही आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण "मला शिकवलं म्हणतात, काय शिकवलं ते शोधून द्या" अशी तक्रार घेऊन ठाण्यात आलेलं माणूस ते एकच.

मी तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सकाळची हजेरी संपली होती, हवालदार स्टेशन डायरी लिहीत होता. ही बावीस-तेवीस वर्षांची मुलगी सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि तिनं एक पत्र समोर ठेवलं. हिवरखेडकडच्या एका खेड्यातली. बापाचा मालवाहू टेम्पो होता आणि गावची संत्री-भाजी अकोल्याच्या बाजारात पोचवायची हा घरचा धंदा. बाप गाडी हाकायचा. कोणाचा माल, किती वाजता, कोणत्या रस्त्यानं, हे सगळं ही बघायची.

"मागच्या पावसाळ्यात नाल्याचा पूल गेला साहेब. चार दिवस माल गावातच सडला. तवा ठरवलं, हे शिकाच लागते."

शिकायची सोयही होती. रस्ता तुटला, बाजार बंद पडला, गाड्यांचा संप झाला, तरी माल पोचता कसा ठेवायचा हे खेड्यातल्या तरुणांना शिकवण्यासाठी एका मोठ्या निधीतून अनुदान आलं होतं. 'पुरवठा साखळीतील युवा नेतृत्व' असं भारदस्त नाव होतं त्याला. दुसऱ्या तुकडीसाठी तिनं अर्ज केला. उत्तर आलं, 'आपण पहिल्या तुकडीत प्रशिक्षण घेतले आहे, सबब पुन्हा लाभ देता येत नाही.'

"मी तं तिथं पायही नाई ठेवला. मंग माह्या नावानं कोण शिकलं?"

हवालदारानं मला हळूच विचारलं, "साहेब, हे कोणत्या कलमात बसवू?"

"आधी तिला खुर्चीत बसव," मी म्हणालो.

पहिली तुकडी आमच्याच हद्दीतल्या एका सभागृहात झाल्याचं कागदावर होतं, म्हणून चौकशी आमच्याकडे आली. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचा संचालक दूरच्या शहरातला, अकोल्यात भाड्याचं ऑफिस थाटून बसलेला. मागितले तेवढे कागद त्यानं हसतमुखानं दिले. हजेरीपट चोख. छायाचित्रांचा अल्बम तर लग्नाच्या अल्बमसारखा जाडजूड. यादीतल्या दहा-बारा पोरांचे जबाब घेतले. सगळ्यांचं एकच वाक्य, "आमी गेलतो, खूप शिकायले भेटलं." खरी आठवण प्रत्येकाची वेगळी असते. एकाला जेवण आठवतं, दुसऱ्याला बंद पडलेला पंखा. दहा जणांना एकच वाक्य आठवलं की समजावं, ते कोणीतरी वाटलेलं आहे. पण समजणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. सह्या हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवल्या. तिथला अहवाल यायला महिने लागतात आणि दुसऱ्या तुकडीच्या प्रवेशाची मुदत संपायला उरले होते वीस दिवस.

तेवढ्यात एका वरिष्ठांचा फोन आला. संस्था चांगली आहे, पोरगी तापट आहे, सामंजस्यानं मिटवा. तिच्याकडेही संस्थेचा निरोप गेला होता, की प्रमाणपत्र देतो, वर ऑफिसात नोकरी देतो, तक्रार मागे घे. तिनं निरोप्याला विचारलं, "पूल तुटला तं नाल्यात ते प्रमाणपत्र आंथरू काय?" हे तिनंच मला सांगितलं, आणि मी खुर्चीवरून उठून हसलो.

पुरवणी जबाबासाठी ती ठाण्यात आली तेव्हा अल्बम टेबलावर उघडा पडला होता. जबाबावर सही करता करता तिचा हात थांबला.

"साहेब, हा फोटो कधीचा म्हणतात?"

"खाली लिहिलंय. ऑगस्ट. कापसाच्या जिनिंग मिलला अभ्यासभेट."

"श्रावणात? श्रावणात जिनिंगमंधी एवढा कापूस कुठून आला बाप्पा? आन ही पोरं स्वेटर काहून घालून राहिली?"

मला माझीच लाज वाटली. मी इथलाच, कास्तकाराच्या घरचा. श्रावणात कापसाची पऱ्हाटी शेतात उभी असते, तिनं नुकत्याच पात्या, म्हणजे कळ्या धरलेल्या असतात. कापूस दिवाळीच्या पुढेमागे घरी येतो. पावसाळ्यात जिनिंगला कुलूप असतं, नाहीतर यंत्रं खोलून दुरुस्तीला पडलेली असतात. तो अल्बम मी दहा-बारा दिवस उलटला होता आणि फक्त सह्या पाहिल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी संचालकाला बोलावलं. आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि म्हणालो, "तुमची ती जिनिंगची भेट मला फार आवडली. जरा सविस्तर सांगा." स्वतःच्या कामाचं कौतुक ऐकलं की माणूस वकिलाचा सल्लाही विसरतो. तो खुलला.

"त्या दिवशी कापसाची आवक प्रचंड होती. गेटबाहेर गाड्यांची रांग. मुलांनी सरकी वेगळी होताना पाहिली, गाठी बांधताना पाहिल्या."

शब्दन् शब्द लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली. मग अल्बममधली तारीख त्याला मोठ्यानं वाचायला लावली. त्यानं वाचली आणि काय चुकलं ते त्याला कळेना! शेवटी मीच खिडकीबाहेरच्या चहावाल्याला हाक मारून विचारलं, "काय रे, श्रावणात कापूस निघते काय?"

"साहेब, तब्येत बरी आहे ना?" तो म्हणाला.

मग संचालक एकेक गोष्ट कबूल करत गेला. फोटो दुसऱ्याच कार्यक्रमाचे, हिवाळ्यातले होते. नावं एका मेळाव्यात फुकटच्या पिशवीसाठी घेतलेल्या आधारकार्डांच्या झेरॉक्सवरून उचललेली. दोन दिवसांत पोरांचे पाठ केलेले जबाबही फुटले. बनावट दस्तऐवज आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. माल शेतातून बाजारात कसा जातो हे शिकवायला निघालेल्या माणसाला माल शेतात कधी तयार होतो हेच ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या चोख कागदांपुढे आम्ही मान डोलावत होतो. याचा राग मला अजून येतो.

पण गुन्हा दाखल झाला म्हणून तिला जागा मिळेना. दुसरी तुकडी चालवणारे वेगळे लोक होते, भले होते, पण नियमावर बोट ठेवून बसले. खटला संपेल तेव्हा यादीतलं नाव कटेल, म्हणाले. खटला कधी संपतो हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. प्रवेशाला चार दिवस उरले होते.

मी ठाण्याच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं, 'आजवरच्या तपासात सदर मुलीने कोणतेही प्रशिक्षण घेतल्याचे आढळून आलेले नाही.' त्याच वरिष्ठांचा पुन्हा फोन आला. तपास चालू असताना असलं पत्र द्यायचं नाही, निवृत्ती जवळ आली आहे, सांभाळून राहा. मी "जी साहेब" म्हणालो, फोन ठेवला आणि पत्रावर जावक क्रमांक टाकायला सांगितलं. एखाद्याला काही शिकवलेलं नाही, असं प्रमाणपत्र देणारा ठाणेदार मीच पहिला असेन.

पत्र हातात घेऊन ती म्हणाली, "साहेब, तुमच्यावर येईन ना हे?"

"येऊ दे. तू जा, बस चुकेल."

तिला प्रवेश मिळाला आणि मला खुलाशाची नोटीस. सदर पत्र कोणाच्या परवानगीने दिले? नोकरीभर मी दोन-दोन पानांचे खुलासे लिहिले होते. या वेळी एकच ओळ लिहिली, 'पत्रातील मजकूर खरा आहे.' सेवापुस्तकात ताकीद चढली. ती खोडून मिळावी म्हणून मी कधी अर्ज केला नाही, करणारही नाही.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. कागद नीटनेटका दिसला की आपण ज्या मातीत वाढलो तिलाही विचारायचं विसरतो. त्यानंतर हाताखालच्या पोरांना मी सांगायचो, आधी हंगाम बघा, मग सही बघा.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज होता आणि माणसांचा गलका. नाल्याच्या दोन्ही काठांना एकेक टेम्पो तिनं आधीच ठरवून ठेवला होता. वरच्या अंगाला पाणी उथळ होतं, तिथली पाऊलवाट गावातल्या बायांनी क्रेट डोक्यावर घेऊन पार केली होती.

"साहेब, पूल आजही पडला," ती ओरडून सांगत होती. "पण माल अकोल्याले पोचला!"