कच्च्या टॅगवरचा अंगठा

टॅगवालीला देवाने हातात कसब भरपूर दिलं, सहनशक्ती द्यायची तेवढी राहिली. त्यात सासू अशी!

आधी काम समजून घ्या. भेटवस्तूला रिबिनीने बांधायचे टॅग, पॉलिमर क्लेचे. पांढरी क्ले मळायची, लाटायची, साच्याने कापायची, ठशांनी नाव उमटवायचं, रिबिनीसाठी भोक पाडायचं, मग ओव्हन. ही क्ले वाऱ्यावर वाळत नाही, भाजेपर्यंत मऊच राहते. हे सांगून सांगून टॅगवालीच्या तोंडाला फेस आला होता. तरी ट्रे मांडला रे मांडला की सासूबाईंचा अंगठा पडलाच त्यावर! नाव गायब, खड्डा हजर.

"आई, हात नका लावू हो!"

"वाळलंय का बघते गं."

"वाळत नसतं ते!"

नवऱ्याकडे गाऱ्हाणं नेलं, तर म्हणे, "जाऊ दे ना, वय झालंय तिचं." जाऊ दे म्हणायला याच्या बापाचं काय जातं?

त्या दिवशी तिचे टॅग विकायला ठेवणाऱ्या दुकानदाराने निर्वाणीचं बजावलं होतं. संध्याकाळपर्यंत माल आला नाही, तर तुमच्या फळीवर छापील कार्डं लावणार. ती फळी मिळवताना टॅगवालीने किती उंबरे झिजवले होते! अर्धे टॅग ओव्हनमध्ये सरकवून ती दाराशी कुणाशी तरी बोलायला गेली. परत येऊन बघते तर उरलेल्या ट्रेवर अंगठेच अंगठे. दातओठ खात तिने ते सगळे पुन्हा मळायला घेतले, आणि त्या नादात ओव्हनमधले करपले. काळे ठिक्कर!

त्यातला एक तिने सासूबाईंच्या हातात कोंबला.

"घ्या! तुमच्यापायी काय झालं ते बघा एकदा!"

सासूबाईंनी टॅगवरून सावकाश अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा खुलला.

"आता बोट रुतत नाही बघ. किती पांढराशुभ्र झालाय! आणि नाव 'म'वरून आहे ना?"

टॅगवालीने सासूबाईंच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही.

"आई, कधीपासून हो हे?"

"झाले बरेच दिवस."

"मग मला सांगायचं नाही का?" रागाने तिचा आवाज पुन्हा चढला.

"सांगायलाच तर येते गं," सासूबाई म्हणाल्या. "तू ओरडलीस की राहून जातं."